लाल क्रम, हिरवा क्रम

'त्याने काम केले आहे' हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा तरी बोलत असू. त्यात 'केले' आधी का आणि 'आहे' नंतर का, असा प्रश्न काही आपल्याला पडत नाही. पडायचे कारणही नाही. शब्द आपोआप त्या क्रमाने तोंडातून बाहेर पडतात. कवितेत किंवा रागाच्या भरात कुणी 'आहे केले त्याने काम!' म्हणाला, तर गोष्ट निराळी.

परंतु हॉलंडमधील एखाद्या विद्यापीठात डोकावून पाहिले, तर वीस-एकवीस वर्षांची एखादी विद्यार्थिनी नेमक्या ह्याच प्रश्नापायी तीन-चार महिने खर्ची घालताना दिसेल. 'केले आहे' की 'आहे केले'? शब्द दोन, त्यांपैकी आधी कोणता? एवढ्या भांडवलावर तिला पंचवीस-तीस पानांचा निबंध लिहायचा असतो. तो परीक्षकांच्या पसंतीस उतरला, तरच पदवीचा कागद तिच्या हाती पडायचा असतो.

आपल्याकडच्या एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांना ही हकिगत सांगितली, तर 'एवढ्यासाठी का पोरीला कॉलेजात घातले?' असे ते खासच विचारतील. आपली भाषा आपल्याला येतेच, मग तिच्यात संशोधन ते काय करायचे, ही समजूत काही केवळ आपल्याकडचीच नाही. ती कितपत खरी आहे, हे त्या मुलीच्या मागोमाग जाऊन पाहण्यासारखे आहे.

तीन वर्षांची अखेर

हॉलंडचे अधिकृत नाव नेदरलंड्स. तेथील विद्यापीठातील पहिली पदवी तीन वर्षांची असते. त्या तीन वर्षांत १८० गुणांक मिळवावे लागतात, आणि एक गुणांक म्हणजे अठ्ठावीस तासांचे काम, असा चोख डच हिशेब आहे. अखेरच्या वर्षी जो संशोधनपर निबंध लिहायचा, त्याला डच लोक 'स्क्रिप्सी' म्हणतात. त्याला साधारणपणे दहा-बारा गुणांक असतात. म्हणजे तीनशे तासांच्या आसपास काम त्या एका निबंधासाठी करायचे.

लायडन, उट्रेख्त, ग्रोनिंगन, नायमेखन, अ‍ॅमस्टरडॅम अशा ठिकाणी डच भाषेचा विशेष अभ्यास चालतो. शेजारच्या बेल्जममध्ये गेंट, लूव्हेन आणि अँटवर्प येथेही तो चालतो, कारण बेल्जमच्या उत्तर भागाची, म्हणजे फ्लँडर्सची, भाषाही डचच आहे. दोन्हीकडची माणसे मिळवून ही भाषा बोलणारे लोक सुमारे अडीच कोटी भरतात. महाराष्ट्राची लोकसंख्या लक्षात घेतली, तर हा आकडा किती लहान आहे ते सहज कळेल.

लायडनचे विद्यापीठ १५७५ सालचे. पण तेथे मायबोलीसाठी पहिला प्राध्यापक नेमला गेला तो १७९७ साली. मातायस सीखेनबेक हे त्याचे नाव. तोवर विद्वानांचा सारा कारभार लॅटिनमधून चालत असे. आपल्याच विद्यापीठात आपल्या भाषेला बसायला खुर्ची मिळण्यास सव्वादोनशे वर्षे लागली, हे ध्यानात ठेवले म्हणजे आजच्या विद्यार्थिनीच्या पंचवीस पानांची किंमत थोडी वेगळी वाटू लागते.

विषयाला कात्री

स्क्रिप्सीची पहिली पायरी म्हणजे विषयाची निवड, आणि पाय घसरतो तो बहुधा येथेच. विद्यार्थिनी मोठ्या उत्साहाने मार्गदर्शकांकडे जाते आणि 'डच भाषेतील शब्दक्रम' असा विषय सांगते. मार्गदर्शक शांतपणे म्हणतात, 'हा विषय जन्माला पुरेल. तुमच्याजवळ चार महिने आहेत.' मग 'गौण वाक्यातील शब्दक्रम'. तोही मोठा. अशी तीन-चार वेळा कात्री लागल्यावर जे हाती उरते, ते म्हणजे वर सांगितलेले दोन शब्द.

यातील गंमत कळण्यासाठी डच व्याकरणाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. साध्या वाक्यात डच क्रियापद दुसऱ्या जागी येते. परंतु 'मला वाटते की...' अशा वाक्यात 'की'च्या पुढे जो भाग येतो, त्यातील सगळी क्रियापदे मराठीप्रमाणे थेट शेवटी जाऊन बसतात. 'हेफ्त' म्हणजे साधारण आपले 'आहे', आणि 'खवेर्क्त' म्हणजे 'काम केले'. आता प्रश्न असा की, ही जोडी शेवटी जाऊन बसते तेव्हा पुढे कोण आणि मागे कोण?

जर्मन भाषेत याचे उत्तर ठरलेले आहे. अशा ठिकाणी 'आहे' सर्वांत शेवटी. इंग्रजीतही ठरलेले आहे, फक्त उलट. तेथे 'आहे' आधी. या दोन भाषांच्या मध्ये वसलेल्या डच माणसाने मात्र दोन्ही क्रम घरात ठेवून घेतले आहेत. 'दात हेइ हेफ्त खवेर्क्त' म्हणा की 'दात हेइ खवेर्क्त हेफ्त' म्हणा, अर्थ एकच. 'की त्याने काम केले आहे.' व्याकरणाला दोन्ही मान्य.

या दोन क्रमांना मोठी मजेदार नावे आहेत. ज्यात 'हेफ्त' आधी, तो लाल क्रम, आणि ज्यात 'हेफ्त' शेवटी, तो हिरवा क्रम. १९५३ साली पाउवेल्स यांचा या विषयावरील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्या गावची बोली कोणता क्रम वापरते, हे त्यातील नकाशांवर या दोन रंगांनी दाखवले होते. रंग तेवढे नावाला चिकटून राहिले. आजही डचचा विद्यार्थी 'हे वाक्य हिरवे आहे' असे बेधडक म्हणतो, आणि ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटते की, याच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड असावा!

अर्थ एकच आणि व्याकरणाची ना नाही, तर मग तोच माणूस एकदा लाल आणि एकदा हिरवा क्रम का वापरतो? नुसती लहर म्हणावी, तर बोलीच्या नकाशांवर रंगांचे असे पट्टे उमटले नसते. उत्तरेकडील फ्रीझलंड आणि ग्रोनिंगन या भागांत हिरव्याचा जोर आहे. लिहिताना लोकांचा कल लालकडे झुकतो. बोलताना हिरवा अधिक सैलपणे येतो. एक तर्क तालाचा आहे. क्रियापदांच्या अगदी आधी जोर देऊन उच्चारलेला शब्द आला, तर त्याला लागूनच 'खवेर्क्त'सारखा दुसरा जोरदार शब्द ठेवणे जिभेला जड जाते. म्हणून मधे हलका 'हेफ्त' सरकवला जातो. तबल्यावर दोन जोरकस बोलांच्या मधे एखादा हलका बोल यावा, तसेच हे. गर्ट दे सुटर या संशोधकाने २००५ साली आपला डॉक्टरेटचा प्रबंध याच लाल-हिरव्या प्रकरणावर लिहिला.

याखेरीज एक जुना गैरसमज आहे. हिरवा क्रम जर्मन भाषेसारखा दिसतो, म्हणून तो चोरवाटेने आलेला जर्मन माल आहे, असे कित्येक शिक्षक आणि संपादक मानीत असत आणि तो खोडून लाल करीत असत. वस्तुतः हिरवा क्रम हा त्या भाषेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मुलांच्या वह्यांतून जे खोडले जात होते, ते त्यांच्या आजी-आजोबांचे बोलणे होते.

परक्याच्या डोळ्यांनी

आपल्याच भाषेतील अशा गोष्टी आपल्याला दिसत का नाहीत? कारण आपण तिच्यातून पाहतो, तिच्याकडे पाहत नाही. ती वेगळी दिसते परक्याला.

याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे आणि ते डच भाषेशी निगडित आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत योआन योसुआ केटेलार नावाचा एक मनुष्य हिंदुस्थानात होता. त्याने हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण लिहिले, तेही डच भाषेत. त्याची १६९८ सालची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. हिंदुस्थानी भाषेचे आज ठाऊक असलेले सर्वांत जुने व्याकरण ते हेच. दिल्ली-आग्र्याच्या बाजारांत लाखो लोक ती भाषा बोलत होते, पण तिचे नियम मांडून ठेवावेत असे वाटले ते वखारीतल्या एका परक्या कारकुनाला. आपल्या गोमंतकातही कोकणीचे पहिले छापील व्याकरण, १६४० सालचे, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचेच आहे.

केटेलारचे एका दृष्टीने सोपे होते. भाषा परकी असल्याने प्रत्येक गोष्ट त्याला अडत होती, म्हणून दिसत होती. स्क्रिप्सी लिहिणाऱ्या मुलीला मात्र आईच्या मांडीवर शिकलेल्या भाषेकडे केटेलारच्या नजरेने पाहायचे असते. तीन वर्षांच्या शिक्षणात तिला जे शिकवलेले असते, ते मुख्यतः एवढेच.

पुरावा कोठून आणायचा?

आता वाटेल की, यात अवघड काय? दहा माणसांना विचारावे, 'तुम्ही कसे बोलता?' पण येथेच पहिली फसगत होते. आपण कसे बोलतो, हे माणसांना ठाऊक नसते. आपण कसे बोलायला हवे असे त्यांना वाटते, तेच ती सांगतात. 'आमच्या घरात कुणी अशुद्ध बोलत नाही' असे ठासून सांगणारे गृहस्थ पुढच्याच वाक्यात ते अशुद्ध रूप वापरतात, हा अनुभव आपल्याकडचा काही वेगळा नाही. शिवाय आपले बोलणे कुणी टिपून घेत आहे असे कळले, की माणूस जिभेला इस्त्री करतो.

यावर डच आणि फ्लेमिश विद्वानांनी जो उपाय योजला, तो पाहण्यासारखा आहे. १९९८ ते २००४ या काळात त्यांनी बोललेल्या डच भाषेचा एक प्रचंड संग्रह तयार केला. त्यात सुमारे नव्वद लाख शब्द आहेत. दोन तृतीयांश बोलणे हॉलंडमधील आणि एक तृतीयांश फ्लँडर्समधील. घरगुती गप्पा, टेलिफोनवरील संभाषणे, वर्गात चाललेले धडे, सभांतील चर्चा, फुटबॉलच्या सामन्याचे धावते वर्णन, बातम्या, प्रवचने असा सर्व प्रकारचा माल त्यात आहे. सगळे बोलणे ध्वनिमुद्रित केले, शब्दन्‌शब्द लिहून काढला, आणि प्रत्येक शब्दाला तो नाम आहे की क्रियापद याची चिठ्ठी लावली. बोलणारा कोणत्या भागातला, कोणत्या वयाचा, याचीही नोंद ठेवली.

बोलींच्या अभ्यासासाठी अ‍ॅमस्टरडॅमला मेर्टेन्स यांच्या नावाची संस्था आहे. तिचे काम १९३० पासूनचे. गावोगावच्या लोकांना छापील प्रश्नावल्या पाठवायच्या आणि आलेल्या उत्तरांवरून नकाशे काढायचे, असा तिचा जुना खाक्या. फोस्काउल या लेखकाने या कचेरीत तीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर तिच्यावर सात खंडांची, पाच हजारांहून अधिक पानांची कादंबरी लिहिली. आणि ती लोकांनी मिटक्या मारीत वाचली! याच संस्थेच्या पुढाकाराने डच बोलींच्या वाक्यरचनेचा नकाशासंग्रह तयार झाला. त्यासाठी २६७ गावांतून माहिती गोळा केली होती. आणि जुन्या शब्दांसाठी आहे डच भाषेचा महाकोश. त्याचा पहिला भाग १८६४ साली निघाला आणि शेवटचा १९९८ साली. संपादकांच्या पाच पिढ्या त्यात खपल्या असतील.

म्हणजे एका पदवीच्या विद्यार्थिनीच्या पाठीशी एवढे सारे भांडार उभे असते. तिच्या तीनशे तासांतून काही निष्पन्न होते, ते त्यामुळेच. पाया दुसऱ्यांनी घालून ठेवला आहे. तिने एक वीट नीट बसवायची.

गहू निवडण्याचे काम

विद्यार्थिनीचा प्रश्न आता असा बेताचा झालेला असतो. 'टेलिफोनवरील गप्पांत ग्रोनिंगनकडचे लोक अ‍ॅमस्टरडॅमकडच्या लोकांपेक्षा हिरवा क्रम अधिक वापरतात काय?' ज्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे येऊ शकते, तोच चांगला प्रश्न. उत्तर काय येईल असे आपल्याला वाटते, तेही आधीच लिहून ठेवायचे. नाहीतर बाण मारून मग त्याच्याभोवती वर्तुळ काढल्यासारखे व्हायचे.

संगणकाला सांगितले की तो क्षणार्धात हजारो वाक्ये पुढ्यात ओततो. पुढचे काम मात्र घरी गहू निवडतात तसे. हे वाक्य गौण नाही, टाका. येथे बोलणारा मधेच थांबला, टाका. येथे 'हेफ्त' आहे, पण त्याचा अर्थ 'जवळ आहे' असा आहे, टाका. असे आठ-पंधरा दिवस केल्यावर उपयोगाची थोडी वाक्ये उरतात. ती मोजायची, कोष्टकात भरायची आणि मग त्या आकड्यांवर विश्वास कितपत ठेवायचा, हे ठरवायचे.

समजा, दोन्ही भागांतील प्रत्येकी दोनशे वाक्ये मिळाली. ग्रोनिंगनकडे त्यांपैकी १०२ हिरवी निघाली आणि अ‍ॅमस्टरडॅमकडे ९७. यावरून फरक आहे असे म्हणता येईल काय? नाही. नाणे दोनशे वेळा उडवले आणि पुन्हा दोनशे वेळा उडवले, तर छाप्यांच्या संख्येत एवढा फरक सहज पडतो. तेच आकडे १२० आणि ९० असते, तर मात्र हा नुसता योगायोग नसावा असे गणित सांगते. भाषा शिकायला आलेल्या मुलीला संख्याशास्त्र शिकावे लागते ते यासाठी, आणि 'गणित नको म्हणून तर मी भाषा घेतली!' हा विलाप तेथील वर्गांतही ऐकू येतो.

गणिताने कौल दिला म्हणून भागत नाही. त्या १२० वाक्यांपैकी पन्नास वाक्ये एकाच बोलघेवड्या आत्याबाईंची असली, तर तो ग्रोनिंगनचा पुरावा झाला नाही, आत्याबाईंचा झाला. हे परीक्षकांनी विचारण्याआधी स्वतःच स्वतःला विचारायचे आणि निबंधात स्पष्ट लिहायचे. अपेक्षेप्रमाणे उत्तर आले नाही, तरी तेही तसेच लिहायचे. 'फरक आढळला नाही' हेही उत्तर आहे, आणि त्यासाठी गुण कापले जात नाहीत. वीस वर्षांच्या वयात, आपल्या मनाविरुद्ध गेलेला निकाल स्वतःच्या हाताने लिहून त्याखाली सही करणे, हे शिक्षण लहान नव्हे.

'त्यांना आले'

लाल-हिरव्या क्रमावरून कुणाची मारामारी होत नाही. पण काही विषय असे असतात की, त्यांना हात लावला की घराघरांत आग भडकते. 'हुन' हा शब्द त्यांपैकी एक.

डचमध्ये 'हुन' म्हणजे 'त्यांना' किंवा 'त्यांचे'. 'ते' या अर्थी शब्द आहे 'झेइ' किंवा नुसता 'झ'. पण बोलताना असंख्य लोक 'त्यांच्याकडे आहे' अशा अर्थाने 'झेइ हेबन' न म्हणता 'हुन हेबन' म्हणतात. म्हणजे आपल्याकडे 'ते आले'च्या जागी कुणी 'त्यांना आले' म्हणावे, तसे. शाळेत यावर लाल शाईची रेघ ठरलेली. सुशिक्षित घरांत हे ऐकले की कपाळाला आठ्या पडतात. नोकरीच्या अर्जात कुणी तसे लिहिले, तर अर्ज बाजूला पडण्याची भीती खरी आहे.

नायमेखन विद्यापीठातील हेलेन दे होप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रूपाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. लोक हे रूप टाकून का देत नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दाखवलेली गोष्ट मोठी मार्मिक आहे. 'झ' या शब्दाचे काम फार पसरलेले आहे. त्याचा अर्थ 'ती' असाही होतो, 'ते' असाही होतो, आणि तो माणसांना लागतो तसा टेबल-खुर्च्यांनाही लागतो. कर्ता म्हणून आलेला 'हुन' मात्र जिवंत प्राण्यांसाठीच, बहुतकरून माणसांसाठीच, वापरला जातो. 'पुस्तके कपाटात आहेत' हे सांगताना पुस्तकांना कुणी 'हुन' म्हणत नाही. म्हणजे अशुद्ध म्हणून हिणवले गेलेले हे रूप नियम पाळीत होते, आणि तो नियम शाळेच्या व्याकरणात कुठेच नव्हता.

२०१० साली हे वर्तमानपत्रांत आले आणि एकच गहजब उडाला. भाषेचे रखवालदारच चोराला सामील झाले, असा लोकांचा सूर होता. गंमत अशी की, 'त्यांना' या अर्थी 'हुन' कुठे आणि त्याचा जुळा भाऊ 'हेन' कुठे वापरायचा, हा शाळेत घोकून घेतला जाणारा भेद लोकांच्या बोलण्यातून आलेलाच नाही. तो सतराव्या शतकात व्याकरणकारांनी लॅटिनच्या धर्तीवर बसवलेला आहे. चारशे वर्षे झाली, तरी तो बऱ्याच डच लोकांना नीट साधत नाही.

याचा अर्थ भाषाशास्त्रज्ञ 'वाटेल तसे लिहा' असे सांगतात, असा मात्र नव्हे. वैद्याने तापाचे कारण शोधले म्हणजे तो तापाचा कैवारी ठरत नाही. काय बोलले जाते आणि का, हा एक प्रश्न. अर्जात काय लिहावे, हा दुसरा. स्क्रिप्सी लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकावे लागते. ज्या घरात 'हुन हेबन' सर्रास बोलले जाते, अशा घरातून ती आलेली असेल, तर हे शिकण्याचा अर्थ तिच्यापुरता आणखी खोल असतो. आपले आई-वडील अडाण्यासारखे बोलतात, अशी लाज मनात घेऊन आलेली मुलगी त्यांच्या बोलण्यातील नियम पुराव्यानिशी मांडून दाखवू शकते. मग त्या लाजेला बसायला जागा उरत नाही.

कुणासाठी हे सारे?

असे निबंध लिहिणारी मुले आता कमी होत चालली आहेत. २०१९ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रेइये विद्यापीठाने डच भाषेच्या पदवीचा अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरवले, कारण त्याला येणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. देशाच्या राजधानीत, देशाच्या भाषेचा अभ्यासक्रम! ही बातमी तेथील लोकांच्या चांगलीच जिव्हारी लागली. शहरातील दुसऱ्या विद्यापीठात तो विषय शिकवला जातो, हे खरे. पण एक दिवा विझल्याचे दुःख व्हायचे ते झालेच.

डच भाषा मरणपंथाला लागली आहे, असे मुळीच नाही. न्यायालये, वर्तमानपत्रे, संसद, प्राथमिक शाळा, सारे तिच्यातच चालते. भाषेच्या सामाईक कारभारासाठी हॉलंड आणि बेल्जम यांनी १९८० साली करार करून एक संयुक्त संस्था उभारली आहे. पुढे सुरिनामही तिच्यात सहभागी झाला. तरीही विद्यापीठांच्या वरच्या वर्गांतून इंग्रजीचा शिरकाव इतका झाला आहे की, संशोधन म्हटले की ते इंग्रजीत, असे मुलांना वाटू लागते. भाषा घरात बोलली जाते, बाजारात चालते, पण विचार करण्याच्या जागेवरून ती हळूहळू उठून जाते. माध्यमिक शाळांना डच शिकवणारे शिक्षक पुरेसे मिळत नाहीत, ही तक्रार तिकडे कित्येक वर्षे ऐकू येते. आज जी मुलगी लाल आणि हिरवी वाक्ये मोजत बसली आहे, तीच उद्या शाळेत शिक्षिका व्हायची. ती मुलांच्या वहीवर लाल रेघ ओढील तेव्हा, आपण चूक खोडतो आहोत की कुणाच्या आजीचे बोलणे, याचा क्षणभर तरी विचार करील.

तिच्या निबंधाने जगात काही उलथापालथ होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो पुष्कळदा परीक्षकांखेरीज आणि आईखेरीज कुणी वाचतही नाही. विद्यापीठाच्या भांडारात त्याची एक प्रत जाऊन पडते. मात्र कधीतरी पाच-सात वर्षांनी दुसरी एखादी विद्यार्थिनी त्याच प्रश्नाशी येऊन ठेपते आणि ती प्रत तिच्या हाती लागते. ग्रोनिंगनच्या माणसांनी टेलिफोनवर कोणता क्रम किती वेळा वापरला, हे तेथे कोष्टकात नीट मांडलेले असते. आत्याबाईंची वाक्ये वेगळी काढलेली असतात. तिचे आठ दिवसांचे काम वाचते, आणि ती पुढच्या प्रश्नाला लागते. अडीच कोटी माणसांची भाषा आपल्या मुलांकडून स्वतःची ओळख करून घेते, ती अशी थोडी थोडी.